तबकडीची सुई

तबकडीवर बारीक नागमोडी खाच असते. तिच्यातून जाताना सुई थरथरते. त्या थरथरीतच गाणे!

चावीच्या फोनोत पोलादी सुई पातळ पडदा हलवते, पडदा हवा हलवतो. वीज लागतच नाही. पण भार फार. म्हणून दर बाजूला नवी सुई.

मग विजेचे फोनो आले. काहींत सुई स्फटिकाला वाकवते. वाकला की तो वीज देतो. काहींत सुईमागचे इवले लोहचुंबक तारेच्या वेटोळ्याजवळ हलते. ही वीज अगदी थोडी, वाढवून घ्यावी लागते. पण सुईचा भार दोनेक ग्रॅमच.

आम्ही हौसेने प्लॅस्टिकची मऊ तबकडी चावीच्या फोनोवर लावली. वेग चुकला तो चुकलाच, सुईने खाचही खरवडली. आईला ते भजन पुन्हा ऐकायचे होते. खरखरच ऐकू आली.