घरच्या बाईची मजुरी



पूर्वी ज्वारीच्या सोंगणीला बाईला धान्य मिळे. विदर्भात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, धान्याची मजुरी जाऊन रोख आली. मळणीयंत्र आले, खळ्यावरचे काम गेले. तणनाशकाने निंदण कमी केले. बाईच्या हाती मुख्यतः कापसाची वेचणी उरली.

1976 साली समान वेतनाचा कायदा झाला. रोजगार हमीवर बाई-पुरुषांना दर एकच. आपल्या शिवारात मात्र निंदणाचा रोज डवरणीच्या रोजापेक्षा कमीच. म्हणे, बायांचे काम हलके! दिवसभर वाकून पाहा. वेचणी तेवढी किलोवर. तराजू बाई-माणूस पाहत नाही.

आणि घरची बाई? कृषिमूल्य आयोग कापसाचा खर्च काढतो, तेव्हा घरच्यांची मजुरीही धरतो. ती कमी धरली म्हणून आपण भांडतो. म्हणजे भाव मागताना आपण तिच्याही घामाचे पैसे मागतो. ते आले की जातात कोणाच्या खिशात?

या हंगामात दोन गोष्टी करू. निंदणाला डवरणीइतका रोज देऊ. घरच्या बाईचे दिवस वहीत मांडू आणि कापसाची पट्टी झाली की तिचे पैसे तिच्या हाती देऊ. सरकारकडे घामाचा दाम मागणाऱ्यांनी तो आधी घरात चुकवावा.