टाळ, पडदा आणि प्रभुभोजन



मंडळीत भांडण कशावरून होते? त्रैक्यावरून झालेले मी तरी पाहिले नाही. ते ड्रमवरून होते. ज्येष्ठांना ड्रम खपत नाही, पोरांना पेटीवरची उपासना रटाळ वाटते, आणि दोन्ही बाजू शास्त्राचा हवाला देतात. गंमत अशी, की जिला आपण आज परंपरा म्हणतो ती पेटी म्हणजे 1842 साली पॅरिसमध्ये पेटंट झालेल्या हार्मोनियमची लेक. पवित्र शास्त्रात तिचा उल्लेख असण्याचे कारणच नाही.

काय राखायचे आणि काय सोडायचे, हा पेच पहिल्याच पिढीला पडला होता. प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय काढून पाहा. परराष्ट्रीयांनी प्रभूला मानले तर त्यांनी सुंताही करून घ्यायची का? यरुशलेमेत कडाक्याचा वाद झाला. पेत्र बोलला, पौल व बर्णबा यांनी अनुभव सांगितले, याकोबाने संदेष्ट्यांचे वचन काढून निवाडा सुचवला. सुंतेची सक्ती गेली. मूर्तींना वाहिलेले अन्न, रक्त, गळा दाबून मारलेले प्राणी आणि जारकर्म यांपासून दूर राहण्याची अट राहिली. सुंता म्हणजे काही किरकोळ रूढी नव्हती, अब्राहामापासूनची करारखूण होती. तिच्यापुढे आपला ड्रम तो काय!

आपल्याकडचा दाखला घ्या. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स 1579 साली गोव्यात उतरले आणि 1616 मध्ये त्यांचे क्रिस्तपुराण राचोलला छापून निघाले. कथा बायबलची, छंद ओवीचा, छपाई मात्र रोमन लिपीत. पुढे 1684 मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचा हुकूम काढला. म्हणजे जुने ते सनातनी आणि नवे ते सुधारलेले, हेही खरे नाही. 1616ची मोकळीक 1684ला उरली नव्हती.

एकोणिसाव्या शतकात नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभे राहिले. कृष्णराव सांगळे यांचे नाव त्यात आधी घ्यावे लागते. पूर्वरंगात वचनाचे निरूपण, मध्ये भजन, उत्तररंगात आख्यान. आख्यान उधळ्या पुत्राचे असले, की डुकरांच्या शेंगांवर नजर गेलेला तो पोरगा घरची वाट धरतो, मृदंगाची लय चढते, आणि मागच्या रांगेतली, अक्षरओळख नसलेली बाईसुद्धा ध्रुपद उचलते. तिला लूकचा पंधरावा अध्याय पाठ होतो, तोही कोणी पाठ करून न घेता. माझी कसोटी हीच आहे. नव्या रीतीने माणूस वचनाच्या जवळ सरकला, की नुसता प्रेक्षक झाला?

रेव्हरंड ना. वा. टिळकांकडे या कसोटीने पाहावे. 1895 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांची भजने आज इतकी मुरली आहेत, की ती कधी नवी होती हे सांगावे लागते. पण 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात देवाचा दरबार मांडला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा दिली. तिथे प्रश्न चालीचा राहिला नाही, मंडळीत कोण, हा झाला. 1919 मध्ये टिळक गेले. भजने रुजली, दरबार टिकला नाही. दोनच वर्षांत प्रयोगाचा निकाल लावणे अन्यायाचे होईल, हेही म्हणतो. पण बाप्तिस्म्याला हात लावणे आणि चालीला हात लावणे यांत अंतर आहे, हे टिळकांना न कळण्याजोगे नव्हते.

2020 च्या टाळेबंदीत उपासना मोबाईलवर आली. कॅथलिकांपुरता निवाडा आधीच झाला होता: इंटरनेटवर संस्कार होत नाहीत, असे व्हॅटिकनच्या 2002 मधल्या दस्तऐवजात स्पष्ट आहे. म्हणून मिस्सा पडद्यावर पाहता आली, ख्रिस्तप्रसाद नाही. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत मतभेद झाले. कुठे प्रभुभोजन थांबले, कुठे लोक फोनसमोर पाव आणि द्राक्षरस घेऊन बसले. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी प्रक्षेपण चालूच ठेवावे, याबद्दल मला शंका नाही. पण धडधाकट माणूस रविवारी चहाचा कप घेऊन उपदेश ऐकतो आणि त्यालाच मंडळीत जाणे म्हणतो, तेव्हा एकत्र जमणे न सोडण्याची इब्री लोकांस पत्रातली सूचना त्याला कोणीतरी दाखवावी.

आणि हे ठरवायचे कोणी? यरुशलेमेचा निर्णय पत्रात लिहिला गेला, माणसे पाठवून अंत्युखियाला धाडला गेला आणि जमलेल्या मंडळीपुढे वाचला गेला. आपल्याकडे पाळक आणि मिक्सरवरचा मुलगा व्हॉट्सॲपवर ठरवतात, बाकीच्यांना रविवारी आवाजावरून कळते. ड्रम आणायचा असेल तर आणा. पण आधी पंचकमिटीत विषय घ्या, त्या बैठकीला पोरांना बोलवा, आणि प्रेषितांच्या कृत्यांचा पंधरावा अध्याय तिथे मोठ्याने वाचा.