टाकी एक, इंधनं दोन



उसाच्या पट्ट्यातल्या श्रोत्यांना मळीपासून इथेनॉल कसं होतं हे मी सांगायला नको. मी बोलणार आहे ते इथेनॉल गाडीच्या टाकीत पडल्यानंतरचं. त्यासाठी ब्राझीलकडे पाहावं लागतं, कारण या वाटेवर तो देश एकदा सपशेल पडला आणि पुन्हा उभा राहिला.

तेलसंकटाने होरपळलेल्या ब्राझीलने १९७५ मध्ये ‘प्रोआल्कूल’ योजना आणली. १९७९ मध्ये निव्वळ इथेनॉलवर चालणारी फियाट १४७ आली. पुढे काही वर्षांतच तिथे खपणाऱ्या दहा नव्या मोटारींतल्या नऊ इथेनॉलच्या होत्या. मग तेल स्वस्त झालं, साखर महागली, कारखाने साखरेकडे वळले आणि १९८९ मध्ये पंप कोरडे पडू लागले. सरकारच्या शब्दावर गाडी घेतलेली माणसं रांगेत ताटकळली, कारण त्या गाडीला दुसरं इंधन चालतच नव्हतं. या गाड्यांची विक्री नंतर जवळजवळ थांबली. २००३ मध्ये फोक्सवॅगनने ‘गोल’ ही फ्लेक्स गाडी आणली, तेव्हा लोकांना भावलं ते हेच: आता आपण कुणाच्या शब्दावर अवलंबून नाही. इथेनॉल मिळालं तर इथेनॉल, नाही तर पेट्रोल, नाही तर दोन्हींचं कसंही मिश्रण.

हे साधतं कसं? एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो, म्हणून त्याला ९ किलो पुरते. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरातला ऑक्सिजन सेन्सर मोजतो, त्यावरून गाडीचा संगणक टाकीत काय आहे ते ओळखतो आणि त्या हिशेबाने इंजेक्टर कमी-जास्त वेळ उघडा ठेवतो. रबरी नळ्या, सील, इंधनपंप हेही इथेनॉल सोसणारे लागतात. तुमच्या साध्या गाडीचा संगणक आणि हे भाग इतक्या इथेनॉलसाठी बनवलेले नसतात, म्हणून तिच्यात ई-८५, म्हणजे ८५ टक्के इथेनॉलचं मिश्रण, कधीही भरू नका, मग ते कितीही स्वस्त मिळो.

थंडीत इथेनॉलची वाफ सहज होत नाही. ब्राझीलच्या पहिल्या फ्लेक्स गाड्यांत म्हणूनच बॉनेटखाली पेट्रोलची एक छोटी टाकी असे. सकाळी गाडी त्यावर सुरू व्हायची. पुढे इंधन तापवणारी यंत्रणा आली. निफाडच्या जानेवारीतल्या पहाटेचा विचार आपल्याकडे गाडी बनवणाऱ्यांनी आतापासून करायला हवा.

आता पैशांचं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश ऊर्जा असते. ब्राझीलचा वाहनचालक पंपावर मनातल्या मनात भागाकार करतो: इथेनॉलचा भाव पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तर इथेनॉल, नाही तर पेट्रोल. आपलं पंपावरचं पेट्रोल आधीच ई-२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं आहे. त्यावर लिटरला १५ किलोमीटर देणारी फ्लेक्स गाडी ई-८५ वर साडेअकराच्या आसपास देईल. म्हणजे पेट्रोल १०४ रुपये असेल तर ई-८५ ऐंशीच्या आत मिळालंच पाहिजे. आणि उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलचा खरेदीदरच २०२२-२३ च्या हंगामात ६५ रुपये ६१ पैसे होता. त्यावर कर, वाहतूक, पंपाचं कमिशन, शिवाय मिश्रणातलं १५ टक्के पेट्रोल. उरतं फार थोडं. उसाचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटतं, पण त्याचा भार अ‍ॅव्हरेज घटल्याच्या रूपाने गुपचूप वाहनचालकावर टाकणं मला मान्य नाही. कर कमी करायचा तर तो ई-८५ वरचा करावा.

पुरवठ्याचंही तसंच. ऊस कमी येणार असं दिसताच ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली, पुढे ती सैल केली. साखरेची काळजी चुकीची नव्हती, पण पाऊस हुकला की असं पुन्हा होणार. म्हणून फ्लेक्स गाडी घेणाऱ्याला पंपावर दोन नळ्या हव्यात, प्रत्येकीवर इथेनॉलची टक्केवारी ठळक लिहिलेली हवी, आणि शेजारी दोन्हींचा भाव. भागाकार करायला आपली माणसं समर्थ आहेत.