कांडी भरणारीचं नाव लिहा



मी मालेगावच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी. १८५७ नंतर उत्तरेतून आलेल्या मोमीन विणकरांनी मोसम नदीकाठी इथे माग मांडले. आजही इथे बहुसंख्य मालक आणि मजूर एकाच समाजातले. दोघे एकाच सफेत नमाजला उभे राहतात, म्हणून मजुरीचा विषय काढला की घरातलं भांडण चव्हाट्यावर आणल्यासारखं वाटतं. हे मौन आपल्याला महाग पडलं आहे.

अब्बांची पाळी बारा तासांची, मजुरी मीटरवर. वीज गेली की माग थांबे, मजुरीही थांबे. खडखडाटात त्यांचे कान गेले, पण हातात पगारपत्रक कधी आलं नाही. अम्मी घरी कांड्या भरायची. तिचं नाव कुठल्याच हजेरीपटावर नव्हतं. कुणी विचारलं तर तीच म्हणायची, "मी काही करत नाही, घरीच असते."

दिवसाचा किमान दर ठरलेला असेल, तर नगावर काम करणाऱ्यालाही त्याहून कमी देता येत नाही. १९४८ च्या किमान वेतन कायद्यापासून हे तत्त्व आहे. पण कायद्यापुढे जायला पुरावा लागतो, आणि आपल्याकडे तोच नसतो.

म्हणून आजपासून घरात एक वही ठेवा. तारीख, तास, मीटर, कांड्या, मिळालेले पैसे लिहा. बाईचं काम तिच्याच नावाने लिहा. जकातीने अडल्या घराला आधार मिळतो, पण जकात म्हणजे मजुरी नव्हे. मजुरी हा हक्क आहे, आणि तो मागताना मान खाली घालायची गरज नाही.