शाळेची भिंत आणि मतदारसंघाची रेघ

अमेरिकेंतील मेरीलँड, व्हर्जिनिया अशा राज्यांत शाळेची इमारत बांधावयाची तर पैशाचा प्रश्न बहुधा काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, लोकनियुक्त मंडळापुढें येतो. मंडळ कर्जरोखे काढतें. तें कर्ज वर्षानुवर्षें, मुख्यतः घरजमिनीवरील करांतून, फिटत राहतें. आज पहिलींत बसणारें मूल उद्यां कर्तें होऊन आपल्याच वर्गाचें ऋण फेडूं लागतें!

मग हें ऋण काढणारे सभासद कोणाचे? वस्ती वाढेल तिकडे वर्ग अपुरे पडतात. म्हणून दर दहा वर्षांच्या शिरगणतीनंतर मतदारसंघांच्या सीमा नव्यानें आंखावयाच्या असतात. ती रेघ वाकडी राहिली तर काय होतें, हें टेक्सासमधील मिडलंड काउंटीच्या खटल्यानें दाखविलें. तेथें चार विभाग होते. एकांत ६७,९०६ माणसें. उरलेल्या तिहींत ८५२, ४१४ आणि ८२८. सभासद मात्र प्रत्येकीं एकच! हेंच मंडळ कराचा दर ठरवी, रोखे काढी, शाळाविभागांच्या सीमाही आंखी. १९६८ सालीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, अशा स्थानिक मंडळांचे मतदारसंघही लोकसंख्येनें जवळजवळ सारखेच असले पाहिजेत.

शाळा अपुरी पडली म्हणजे पालक मंडळाच्या दारीं जातात, तें योग्यच आहे. परंतु रेघ आंखली जाते त्या रुक्ष सभेसही त्यांनीं हजर राहावें. शाळेचा पाया पुष्कळदां तेथेंच घातला जातो.