मोठं कुत्रं घरी आणताना

कुत्रं पाळायचं म्हटलं की बहुतेकांना पिल्लूच हवं असतं. पण निवाऱ्यातून तीन-चार वर्षांचं कुत्रं आणण्यात मोठी सोय आहे. ते अंगानं केवढं, भुंकरं की शांत, मांजर दिसली की काय करतं, हे तिथली माणसं आधीच सांगू शकतात. पिल्लू काय, चपला कुरतडतच मोठं होतं!

रस्त्यावरून आणलेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असेल, तर बहुधा त्याची नसबंदी झालेली असते. तरी कागद मागाच. रेबीजच्या लसीची तारीख स्वतः वाचा.

आमच्याकडे आलेली गावठी कुत्री दोन दिवस पलंगाखालून हलली नाही. ताटलीतला दहीभात दिवे मालवल्यावरच संपायचा. तिसऱ्या रात्री ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली आणि बराच वेळ फिरत्या पंख्याकडे बघत राहिली. अशा वेळी सारख्या हाका नकोत, पाहुणे नकोत, अंघोळ तर मुळीच नको. जाणकार तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा ढोबळ हिशेब सांगतात: धास्ती ओसरायला, घराची शिस्त कळायला आणि घर आपलं वाटायला. आमच्या बाईसाहेबांनी जरा जास्तच घेतले.

आणि हो, सुरुवातीला दुधाची पिशवी घ्यायला दार उघडायच्या आधी कुत्रं कुठं आहे ते बघा. गळ्यातल्या पट्ट्यावर तुमचा फोन नंबर पहिल्याच दिवशी लिहा.