खेळघरांतील मोटार घरीं येते

एखाद्या वस्तूवर जीव जडला कीं ती आपल्या घरीं असावी असें मनुष्यास वाटूं लागतें; परंतु उंबरठा ओलांडतांना तिचें कांहींना कांहीं बाहेर राहतेंच. देवळांतील मूर्ति आणि देव्हाऱ्यांतील टाक, रंगभूमीवरील गाणें आणि तबकडीवरील गाणें, यांमधील अंतर श्रोत्यांच्या परिचयाचें आहे. जपानांतील एका यांत्रिक खेळाचा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

१९८६ सालीं सेगा कंपनीनें ‘आउट रन’ हा मोटार हांकण्याचा खेळ खेळघरांत मांडला. त्याचे कर्ते यू सुझुकी. पार्श्वभूमि अमेरिकेची घ्यावी असा त्यांचा प्रथम विचार होता. पण तो देश अति विस्तीर्ण व बराचसा ओसाड वाटल्यामुळें त्यांनीं युरोप निवडला, तेथें भाड्याच्या मोटारींतून हिंडून प्रदेश डोळ्यांखालीं घातला आणि मग खेळ रचला.

ह्या खेळांत कोणाशीं शर्यत नाहीं. वाटेंत इतर गाड्या भेटतात, पण खरा प्रतिस्पर्धी एकच, तो म्हणजे घड्याळ. आरंभींच गाडींतील रेडिओवर हिरोशी कावागुची यांच्या तीन चालींपैकीं आवडेल ती निवडावयाची आणि माडांच्या किनाऱ्यावरून निघावयाचें. टप्पा संपतांना रस्त्यास दोन फांटे फुटतात. एक प्रवास पांच टप्प्यांचा. एकूण टप्पे १५, शेवटचे मुक्काम ५ आणि वाटा १६. छंदःशास्त्रांतील मेरुप्रस्तार ज्यांस ठाऊक आहे त्यांस येथें ओळखीची आकृति दिसेल, कारण पांच मुक्कामांस पोंचण्याच्या वाटा अनुक्रमें १, ४, ६, ४ आणि १ अशा आहेत. अपघात झाला तर गाडी कोलांट्या खाते, बसलेलीं दोघें बाहेर फेंकलीं जातात, आणि क्षणांत सारें पूर्ववत् होतें. हानि होते ती केवळ वेळेची.

खेळघरांतील मोठ्या यंत्रांत बैठक, चक्र, वेग बदलण्याचा दांडा व पायाखालचे दट्टे होते. चक्र फिरवितांच मोटरच्या योगानें बैठकहि डुले. पडद्यावरील झाडें खरोखर सपाट चित्रेंच. परंतु तीं क्षणोक्षणीं मोठीं करणारी खास रचना त्या यंत्रांत होती. म्हणून दूरचा ठिपका पाहतां पाहतां वृक्ष होऊन अंगावरून सर्रकन् निघून जाई.

१९९१ सालीं हा खेळ ‘मेगा ड्राइव्ह’ ह्या घरगुती यंत्रावर आला. खेळघरांत एका जातीचे दोन गणनायंत्रक काम करीत. घरीं त्याच जातीचा एकच मुख्य होता, आणि चित्रें मोठीं करण्याची सोय तर मुळींच नव्हती. तेव्हां लहानमोठ्या आकारांचीं चित्रें आधींच काढून ठेवून एकामागून एक दाखविणें भाग पडलें. झाडें वाढूं लागलीं तीं धक्क्याधक्क्यानें. डुलणारी बैठक गेली. हातीं दिशेची कळ आणि तीन बटणें राहिलीं. तरी रेडिओ राहिला, त्यांत एका नव्या चालीची भर पडली आणि फांट्यांची निवडहि टिकली. नाण्याची चिंता मात्र संपली, आणि ज्या मुलास खेळघरांत सोळांपैकीं दोनतीन वाटा पाहणेंहि परवडत नव्हतें, त्यानें घरीं सगळ्या पाहिल्या.

अस्सलाशीं जवळजवळ तंतोतंत जुळणारी प्रत ‘सॅटर्न’ यंत्रावर १९९६ सालीं निघाली. १९१४ नव्हे, तर २०१४ सालीं तळहातावरील एका यंत्रांत रस्त्यास खोलीहि आली; गाडीचें रूप मात्र फेरारीशीं हुबेहूब जुळूं नये म्हणून बदललें गेलें.

पुढें काळानें बाजू फिरविली. २०२२ सालीं सेगानें जपानांतील खेळघरांच्या धंद्यांतील उरलेला हिस्साहि विकला, आणि तेथील पाट्यांवरील तिचें नांव उतरविण्यास आरंभ झाला. जुनीं यंत्रें झिजतात, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होतात. एके काळीं जिला उणी म्हणून हिणविलें, त्या घरगुती प्रतींच्या परंपरेनेंच तो रस्ता नव्या पिढीपर्यंत आणला. देव्हाऱ्यांतील टाक देवळाची बरोबरी करीत नाहीं. पण देऊळ दूर राहिलें तरी नित्याची पूजा त्याच्यामुळेंच चालूं राहते.